किल्ल्या मागून येत आहेत

४ फेब्रुवारी
पहिला मुक्काम

ती. दादास,

इतक्या लांबून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार.

मी पोचलो. नमुन्यांची पेटीही पोचली. पेटीतल्या फळीवर ओळीनं टांगलेली आपली चाळीस कुलपं, कड्या वर केलेली, उघडी, विमानतळावरच्या तपासणी अधिकाऱ्यानं एकेक करून मोजली आणि विचारलं, "किल्ल्या?" मी म्हटलं, "मागून येत आहेत." त्यानं शेजारच्या अधिकाऱ्याला बोलावलं. मी त्यालाही तेच सांगितलं. मग दोघांनी मिळून तिसऱ्याला बोलावलं. आप्पांचा नियम मी मोडक्यातोडक्या परभाषेत तीन वेळा समजावून सांगितला, की कुलूप आणि किल्ली एका वाटेनं धाडायची नाहीत. कुलूप माणसाबरोबर, किल्ली पोस्टानं, म्हणजे वाटेत दोन्ही एकाच चोराच्या हाती लागत नाहीत. तिसऱ्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण उघडी कुलपं चोरून चोर करेल काय?" दादा, मला उत्तर आलं नाही. तुला येत असेल तर कळव, परतीच्या वाटेवर तोच माणूस भेटायचा.

खोली बरी आहे. पलंग, टेबल, भिंतीला एक लोखंडी शेगडी, जी गरम कमी होते आणि खोकते जास्त. खिडकी उघडली की समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, हात लांब केला तर रंग खरवडता येईल. खिडकीच्या खिटीचा स्क्रू ढिला होता, तो आवळून दिला.

आज पहिलं दुकान झालं. दोघे भाऊ चालवतात, एक बोलतो आणि दुसरा मान हलवतो. मी पेटी उघडून बोलायला सुरुवात केली. बोलणारा भाऊ ऐकत होता, मान हलवणाऱ्यानं सहज एका कुलपाची कडी अंगठ्यानं दाबली. खट्ट. त्याला आवाज आवडला. त्यानं दुसरं दाबलं. मग त्यांची टाइपिस्ट आली, तिनं दाबलं. हिशेबनीस आला, त्यानं तीन दाबली. दादा, उघडं कुलूप पुढ्यात दिसलं की माणसाला ते लावल्याशिवाय राहवत नाही, हे आप्पांनी कुठल्याच नियमात लिहून ठेवलेलं नाही. दुकानातून बाहेर पडलो तेव्हा चाळीसपैकी बारा लागलेली होती. "आता उघडून दाखवा," बोलणारा भाऊ म्हणाला. मी म्हटलं, "किल्ल्या मागून येत आहेत." दोघांनी मान हलवली, या वेळी आडवी.

तू निघताना जे म्हणालास ते माझ्या ध्यानात आहे. मार्चअखेरपर्यंत दोन हजार कुलपांची मागणी आणली तर आपली शेड आपली. नाही आणली तर शेजारच्या मोठ्या कारखान्याला तू होकार देणार, आणि मी त्यांच्याकडे वखारीत कारकुनी करणार. तेव्हा किल्ल्यांचं पार्सल कधी निघालं, कुठे आहे, एवढं ताबडतोब लिही.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र तुझ्याच हातचं येऊ दे. मागच्या महिन्यात मी गावोगाव फिरत होतो तेव्हाही वहिनींच्याच अक्षरात यायचं. मोठ्या भावाला धाकट्यासाठी चार ओळी लिहायलाही जड होत असेल, तर तसं सांग.


१२ फेब्रुवारी
घरून

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेतच. त्यातले थोडे परत घ्यावेत असा विचार चालला आहे.

किल्ल्यांचं पार्सल तीन तारखेलाच निघालं. तुझ्या पहिल्या मुक्कामाच्या पत्त्यावर, चाळीस किल्ल्या, प्रत्येकीला नंबराचा पत्रा. तू तिथे धीर धरून बसलास तर मिळेल. आप्पांच्या नियमाची चेष्टा करू नये. चाळीस वर्षांत आपलं एकही कुलूप वाटेत चोरीला गेलेलं नाही. त्या अधिकाऱ्याला हे सांग.

गिऱ्हाइकानं कुलपाला हात लावण्यापूर्वी त्याला बोलण्यात गुंतवावं. हे विक्रीचं पहिलं तत्त्व. तू बोलतोस खूप आणि गुंततोस स्वतःच.

दुसऱ्याच्या खिडक्या दुरुस्त करायला तुला धाडलेलं नाही.

— दादा

(भाऊजी, वरचं सगळं त्यांनी आरामखुर्चीत डोळे मिटून सांगितलं, मी लिहिलं. 'त्या अधिकाऱ्याला हे सांग' च्या पुढे अधिकाऱ्याविषयी आणखी दोन वाक्यं होती, ती मी घेतली नाहीत. पत्र परदेशात जातं, कुणी उघडून वाचलं तर. त्यांचे हात सारखे ग्रीसचे असतात, म्हणून पत्र मी लिहिते, त्यात मनाला लावून घेण्यासारखं काही नाही. मोठ्या कारखान्याचा माणूस परवा पुन्हा येऊन गेला. शेडची लांबी-रुंदी पावलांनी मोजत होता. कानसवाले मास्तर त्याच्या मागे मागे चालत त्याचीच पावलं परत मोजत होते, एक पाऊल कमी भरलं म्हणे. एकतीस मार्चला उत्तर हवं, असं बजावून गेला. जेवत जा वेळेवर. — वहिनी)


२० फेब्रुवारी
दुसरा मुक्काम, बंदराजवळ

ती. दादास,

नमस्कार. पार्सल निघालं हे वाचून आनंद झाला. ते मला मिळालं असतं तर आणखी झाला असता.

धीर धरून कसा बसणार? दुसऱ्या गावची भेट सोळा तारखेची ठरलेली, ती तूच ठरवलेली. मी पंधराला निघालो. पार्सल सतराला पोचलं. हॉटेलवाल्या बाईंनी फोन करून सांगितलं आणि म्हणाल्या, काळजी नको, लगेच पुढे धाडते. मी त्यांचे पुन्हा पुन्हा आभार मानले. आता ते इथे बावीस-तेवीसला येईल. मी एकवीसला इथून निघणार आहे, कारण तिसऱ्या गावचे घाऊक व्यापारी फक्त एकाच आठवड्यात भेटतात. थोडक्यात काय, मी पुढे आणि किल्ल्या माझ्या मागे एक गाव, अशी आमची यात्रा चालली आहे.

इथल्या गिऱ्हाइकाला मी बोलण्यात गुंतवलं. तू सांगितलंस तसं. जहाजांना लागणारं सामान पुरवणारे जाडजूड गृहस्थ आहेत, बोलण्यात इतके गुंतले की स्वतःचंच बोलत सुटले. बायको, मुलगी, गुडघा. गुडघ्यावर आले तेव्हा त्यांचा हात आपसूक पेटीकडे गेला. दादा, मी पाहत होतो, पण गुडघ्याचं दुःख सांगणाऱ्या माणसाचा हात धरणं मला जमलं नाही. बोलता बोलता त्यांनी नऊ लावली. नंतर त्यांची सगळी माणसं जमली आणि प्रत्येकाला एकेक हवं झालं. आता फक्त एक उघडं उरलं आहे. फळीच्या टोकाचं, सर्वांत मोठं, जे तू शेवटच्या दिवशी स्वतः आणून टांगलंस.

गृहस्थ म्हणाले, कुलूप चांगलं दिसतं, पण आम्ही उघडणारीही घेतो.

हॉटेलचा नळ गळत होता. मी हात लावलेला नाही. रात्रभर टपटप ऐकत झोपलो, तुझा शब्द म्हणून.

माझी एक विनंती. तिसऱ्या गावच्या पत्त्यावर किल्ल्यांचा दुसरा जोड करून धाड. चाळीस नकोत, त्या मोठ्या कुलपाची एक जरी आली तरी मी बाजू सांभाळून घेईन. साचा तुझ्याकडे आहे, तुला अर्ध्या तासाचं काम. हे घाऊक व्यापारी म्हणजे शेवटची आशा, त्यांच्यानंतर माझ्याकडे पत्ताच नाही.

तुझा,
धाकटा


२८ फेब्रुवारी
घरून

चि. धाकट्यास,

दुसरा जोड होणार नाही. किल्लीचा दुसरा जोड विक्रीनंतर, आधी नाही. हाही आप्पांचाच नियम.

नळ दुरुस्त करायला हरकत नव्हती.

— दादा

(भाऊजी, एवढंच सांगून ते उठून अंगणात गेले. रागावू नका. मी आग्रह केला, मास्तरांनीही केला, मास्तर तर म्हणाले, मीच घासतो किल्ली. पण तुम्हाला माहीत आहे, मास्तरांनी घासलेली किल्ली मास्तरांच्याच कुलपाला लागते. हे म्हणाले, जोड होणार नाही म्हणजे होणार नाही, आणि बाकावरचा दिवा मालवून टाकला. कारणं सगळी आप्पांच्या नियमात असतात असं नाही, पण ते तुम्ही आल्यावर बोलू. कारखान्याच्या त्या शेडवाल्या माणसानं या खेपेला फोटो काढणारा बरोबर आणला होता. मी त्यांना चहा दिला, पण बिनसाखरेचा. — वहिनी)


९ मार्च
तिसरा मुक्काम

सौ. वहिनींस,

नमस्कार. हे पत्र तुमच्या एकटीसाठी आहे. दादाला वाचून दाखवू नका, त्याच्या हाती लागू देऊ नका, आणि वाचून झाल्यावर चुलीत घाला. गॅस असला तर काडी लावा.

घाऊक व्यापारी भेटले. त्यांच्या भुवया इतक्या दाट आहेत की त्यांना काय वाटतंय ते भुवया हलल्याशिवाय कळत नाही. मी त्यांना मनातल्या मनात भुवईशेठ म्हणतो. त्यांच्या कोठाराची व्यवस्था एक बाई पाहतात, उंच, पांढरे केस घट्ट बांधलेले, कमरेला वही. या कोठीबाई. शेठ खरेदी करतात असं शेठना वाटतं, खरेदी कोठीबाई करतात.

कोठीबाईंनी सगळं नीट ऐकलं. कुलपाला हात लावला नाही. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. मग त्या म्हणाल्या, टेबलावर सगळीच कुलपं चांगली असतात, दारावर पाहू. शेवटचं उघडं कुलूप त्यांनी उचललं, कोठाराच्या लोखंडी दाराच्या कोयंड्यात अडकवलं, आणि मी 'थांबा' म्हणेपर्यंत खट्ट.

मी म्हटलं, "किल्ल्या मागून येत आहेत." ही भाषा मला येत नाही, पण हे एवढं वाक्य आता मी इथल्या माणसासारखं बोलतो.

वहिनी, कोठारात त्यांच्या वीस गाड्यांचा माल आहे. पण पुढचं ऐकाल तर तेही काहीच नाही. आत खुंटीवर माझा कोट आहे, कारण कोठारात शिरताना बाहेरचा कोट काढून त्यांचा निळा डगला घालायचा असा कोठीबाईंचा नियम. कोटाच्या आतल्या खिशात पासपोर्ट आणि परतीचं तिकीट. मी निळ्या डगल्यात बाहेर आणि माझं घरी येणं आत, अशी अवस्था आहे.

शेठनी त्यांचा कुलूपवाला बोलावला. तो म्हातारा दोन तास बसला, मग उठून कुलपाला पाठ दाखवून निघून गेला. करवत आणली, कडीवर तीन पाती मोडली. कोयंड्याचे बोल्ट आतून आहेत. भुवईशेठच्या भुवया आधी खाली गेल्या, मग वर. ते म्हणाले, परवा सकाळपर्यंत दार उघडून द्या, नाहीतर पेटी उचला आणि जा.

आता जे कुणालाच सांगितलं नाही ते सांगतो. दादाचं कुलूप मला उघडता येतं. अकरा वर्षांचा असल्यापासून येतं. सायकलच्या चाकाचा एक स्पोक टोकाला वाकवायचा, खालून आत सारायचा, आतल्या पट्ट्यांतले पहिले दोन लिव्हर उचलून धरायचे, तिसऱ्याला डावीकडून गुदगुली करायची, चौथा आपोआप येतो. मी त्याच्या अवजारांच्या कपाटाचं कुलूप असंच उघडायचो, त्याच्या कानशी वापरायला, कारण तो मला बाकाजवळ फिरकू द्यायचा नाही. अजूनही देत नाही. माझी नोकरी पेटी उचलण्याची. मधल्या काळात त्यानं कुलपं बदलली, पण प्रत्येक नवं कुलूप महिन्याभरात मी उघडलं. कधी बोललो नाही, म्हणून पेटीतली एकोणचाळीस लागली तेव्हाही रात्री खोलीत बसून उघडली नाहीत. त्याचा सगळा जीव यात आहे की आपलं कुलूप किल्लीशिवाय उघडत नाही. तेच खोटं ठरवायचं म्हणजे माझ्यानं होणार नव्हतं.

तर आता मी काय करू? उघडलं, तर शेठ आणि कोठीबाईंच्या देखत सिद्ध होईल की आमचं कुलूप सायकलच्या स्पोकनं उघडतं. मागणी गेली. नाही उघडलं, तरी मागणी गेली, वर पासपोर्टही. मी ठरवलंय, उद्या सकाळी कोठीबाई यायच्या आधी जाऊन गुपचूप उघडीन, कोट काढून घेईन आणि सांगेन की किल्ली आली. हे खोटं आहे आणि मला ते आवडत नाही. पण दादाची शेड जाण्यापेक्षा बरं.

दादानं एक किल्ली घासून धाडली असती तर यातलं काही झालं नसतं. त्याला माझा एवढाही भरवसा नाही, हे मात्र मला आता लागलं आहे, वहिनी. खरंच लागलं आहे.

तुमचा,
भाऊजी


१२ मार्च
तार

ऑर्डर दोन हजार. दार गेले. कुलूप शाबूत. पत्र मागाहून.


१२ मार्च
तिसरा मुक्काम

ती. दादास,

नमस्कार, आणि सोबत कबुली. वहिनींना एक पत्र धाडलं होतं, त्यातलं तुला सांगू नका म्हणालो होतो. आता मीच सांगतो, कोठाराची आणि तिथल्या माणसांची हकीकत मात्र वहिनींकडून ऐक. तुझी कुलपं मी लहानपणापासून स्पोकनं उघडत आलो आहे. या वाक्यावर थांबून तुला हव्या तेवढ्या शिव्या दे, मग पुढे ऐक.

परवा सकाळी सात वाजता मी त्या कोठाराच्या दाराशी बसलो. एका सायकल दुकानातून स्पोक विकत घेतला होता. पहिले दोन लिव्हर उचलले. तिसऱ्याला डावीकडून टोचलं. चौथा आला. मी कडी ओढली. कडी जागची हलली नाही.

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दादा, आत पाचवा काहीतरी आहे. चौघे उठले की तो खाली बसतो, आणि त्याला उचलायला जावं तर चौघे परत झोपतात. मी आडवा झालो, पालथा झालो, कुलपाला कान लावून बसलो. स्पोक वाकला, दुसरा आणला. साडेनऊला मान वर केली तर मागे कोठीबाई खुर्ची घेऊन बसलेल्या. कधीपासून बसल्या होत्या देव जाणे, त्यांच्या हातातला कप रिकामा होता.

त्या म्हणाल्या, "हे कुलूप तुमच्या घरचं ना?"

मी म्हटलं, "माझ्या भावानं केलंय."

"आणि तुम्हाला उघडता येतं?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं, आजवर त्याचं प्रत्येक कुलूप मी उघडलं, हे एक उघडत नाही. सांगताना मला रडू यायला लागलं, ते लाजेचं होतं की कसलं, मला कळेना. थोडंसं हसूही येत होतं. निळ्या डगल्यात, गुडघ्यांना ग्रीस, हातात वाकडा स्पोक. कोठीबाईंनी वही काढून काहीतरी लिहिलं आणि शेजारच्या कचेरीत गेल्या. दहा मिनिटांनी भुवईशेठ बाहेर आले. भुवया इतक्या वर गेल्या होत्या की कपाळ संपलं होतं.

त्यांनी सुतार आणि लोहार दोघांना बोलावलं आणि सबंध दारच बिजागऱ्यांसकट भिंतीतून काढायला लावलं. दार आडवं पडलं, तरी तुझं कुलूप त्याला तसंच लटकलेलं. माझा कोट मिळाला. मग शेठनी त्या आडव्या दारावर कागद ठेवून दोन हजार कुलपांच्या मागणीवर सही केली. ज्याच्या घरच्या माणसालाही उघडता येत नाही तेच कुलूप आम्हाला पाहिजे, असं म्हणाले. कोठीबाईंनी खाली स्वतःच्या अक्षरात एकच अट लिहिली आहे, किल्ली कुलपाबरोबर त्याच खोक्यात आली पाहिजे. आप्पांची क्षमा मागून मी ती मान्य केली.

शेड राहिली, दादा. आता शेडवाल्या माणसाला हाकलून दे, मास्तरांना सांग, पावलं मोजणं बंद. पण पाचवा लिव्हर तू कधी घातलास? मला का नाही सांगितलंस?

तुझा,
धाकटा


१७ मार्च
घरून

चि. भाऊजींस,

आशीर्वाद. तार तेरालाच मिळाली. 'कुलूप शाबूत' हे दोन शब्द यांनी माझ्याकडून चार वेळा वाचून घेतले. 'दार गेले' म्हणजे कुणाचं दार, यावर मास्तरांशी वाद झाला.

तुमचं नऊ तारखेचं पत्र काल आलं, आणि आता माझी कबुली ऐका. मी ताईकडे गेले होते. पोस्टमननं पत्र शेडमध्ये दिलं. यांनी ते मास्तरांच्या हातात देऊन सांगितलं, वाच. मास्तरांनी 'हे पत्र तुमच्या एकटीसाठी आहे' इथपासून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. 'चुलीत घाला' पर्यंत वाचलं आणि मग थांबून विचारलं, पुढे वाचू का? हे म्हणाले, आता थांबून काय उपयोग. सगळी माणसं मशीन बंद करून ऐकत होती.

तुम्ही विचाराल, स्वतः का नाही वाचलं. आता सांगते. त्यांना दिसत नाही, भाऊजी. काचबिंदू आहे. सहा महिने झाले. डॉक्टर म्हणाले, गेलं ते गेलं, राहिलंय ते थेंबांनी राहील. माणूस दिसतो, दार दिसतं, अक्षर दिसत नाही आणि किल्लीचे दात दिसत नाहीत. तुम्ही एक किल्ली मागितलीत तेव्हा ते दिवसभर बाकावर बसून होते. तीन किल्ल्या वाया गेल्या. मग दिवा मालवला. आप्पांच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, नियम म्हणून लिही. मला तुम्हाला तेव्हाच कळवायचं होतं, पण त्यांनी गळ्याची शपथ घातली होती. पत्र चुलीत घालायचं मला जमलं नाही, तशी ती शपथही आज मोडते.

किल्ल्यांचं पार्सल शुक्रवारी घरी परत आलं. 'इसम निघून गेला' असा शिक्का आहे.

ऑर्डर आल्याचा आनंद सगळ्यांना आहे, यांनाही आहे. पण शेडवाल्याला नाही म्हणायला ते अजून तयार नाहीत. म्हणतात, दोन हजार कुलपांचा पाचवा लिव्हर घासणार कोण? तो माझ्या हातालाच ठाऊक, डोळ्यांशिवाय दोन हजार होत नाहीत, आणि मास्तरांना येत नाही. घेतलेली मागणी पुरी झाली नाही तर नाक कापलं जाईल, त्यापेक्षा मानानं बंद करू. एकतीसला आता चौदा दिवस उरलेत. मी त्यांना विचारलं, आणि भाऊजी? तर बाकावरच्या कानशी चाचपून पुन्हा ओळीनं लावायला लागले. तुमच्या पत्रातलं 'लागलं आहे' त्यांना फार लागलं आहे, एवढं मला कळतं.

— वहिनी


२२ मार्च
घरून

चि. धाकट्यास,

हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे. तिला बजावलं आहे की मधे कंस घालायचे नाहीत.

तुझं बारा तारखेचं पत्र वाचून घेतलं. शिव्या देण्यासाठी जिथे थांबायला सांगितलंस तिथे थांबलो. आठवेनात.

तू अकरा वर्षांचा असताना माझ्या कपाटाचं कुलूप स्पोकनं उघडलंस, ते मी दाराआडून पाहिलं होतं. ओरडणार होतो. पण तू तिसऱ्या लिव्हरला डावीकडून टोचलंस, ते मलाही कधी सुचलं नव्हतं. मी मागच्या मागे फिरलो. त्या आठवड्यात नवं कुलूप केलं. तू ते वीस दिवसांत उघडलंस. मी पुन्हा केलं. कपाटात कानशी मुद्दाम नव्या आणून ठेवायचो, तुला उघडावंसं वाटावं म्हणून. लोक म्हणतात, याची कुलपं चोरांना दाद देत नाहीत. मी उभ्या आयुष्यात चोर पाहिलेला नाही. प्रत्येक कुलूप तुझ्याविरुद्ध केलं आहे.

तुला बाकावर बसू दिलं नाही ते याचसाठी. बसवलं असतं तर कुलूप तुला आतून कळलं असतं, मग मी कुणाविरुद्ध करणार होतो? यात माझा स्वार्थ होता. तुझी वर्षं पेटी उचलण्यात गेली. मी चुकलो. भरवशाचा प्रश्न कधीच नव्हता. तू तसं समजलास हे मास्तरांच्या तोंडून सगळ्या शेडसमोर ऐकलं, तेव्हा मान वर करवेना.

पाचवा लिव्हर दोन वर्षं घासत होतो. शेवटचे सहा महिने बोटांनीच. तुझ्या पेटीत ते कुलूप मुद्दाम टांगलं. तू वाटेत कधीतरी त्याच्याशी खेळशील आणि हरशील, असं वाटलं होतं. हरलास. मला आनंद झाला. मग दुपारी जेवण गेलं नाही, कारण तूही हरलास म्हणजे पुढे कुलूप करण्यासारखं काही उरलंच नाही.

दोन दिवस विचार केला. काल शेडवाल्याला बोलावून नाही म्हणून सांगितलं. त्याच्या तोंडावर. तो म्हणाला, तुम्हाला दिसत नाही, कुलपं करणार कोण? मी म्हटलं, येतोय. त्याला चहा दिला, साखर घालून.

तू ये आणि बाकावर बस. पाचवा लिव्हर मी तुझा हात धरून दाखवीन. दोन हजार कुलपं मे-अखेर धाडायची आहेत. किल्ल्या त्याच खोक्यात जाऊ देत, आप्पांना मी समजावतो, पण निदान वेगळ्या कागदात गुंडाळून.

आणि दोन हजार झाली की तुझ्या मनानं एक कुलूप कर. सहा लिव्हरचं, सातचं, हवं तसं. मला सांगू नकोस आत काय आहे. करून माझ्या हातात आणून दे. मी उघडायला बसतो. उघडायला डोळे लागत नाहीत.

तुझा,
दादा

(एकच कंस, भाऊजी. सकाळपासून मास्तरांकडे सायकलचा स्पोक मागताहेत. मी देऊ दिला नाही. आधी तुम्ही या. — वहिनी)